ते कुत्रं तू नव्हतास

सुरेश,

परवाच्या शोकसभेत जो उठला त्याने माझं वाक्य म्हटलं. "सुरेशरावांच्या कादंबरीतलं ते बोलणारं कुत्रं म्हणजे स्वतः सुरेशरावच." कुणी ते गहिवरून म्हटलं, कुणी हात उंचावून. एकाने तर हे तू त्याला खासगीत सांगितलं होतंस असंही ठोकून दिलं. माझं नाव कुणी घेतलं नाही. वाक्य आता इतकं सगळ्यांचं झालंय, की ते पहिल्यांदा कुणी म्हटलं हे विचारायची गरज उरलेली नाही. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. माझी पाळी आली तेव्हा घसा बसलाय अशी खूण केली. लोकांना वाटलं, जिवलग मित्र, शब्द फुटत नाही. शेजारच्याने पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

तू असतास तर मागच्या दारातून बाहेर जाऊन तंबाखू मळत बसला असतास. लोकांचं कौतुक तुला सोसायचं नाही आणि माझं तर अजिबात नाही.

आपलं सगळं बोलणं विष्णुपुरीला झालं. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातून तू सुटायचास, मी कॉलेजातून स्कूटरवर यायचो आणि धरणाखालच्या त्या कठड्यावर आपण बसायचो. वर्षानुवर्षं वाद एकच. मी म्हणायचो, आत्मकथन लिही. प्रकाशक तयार आहे, तुझ्याकडं अनुभव आहे, अजून काय पाहिजे? एकदा तू विचारलंस, "तुझ्याकडं न्हाई का अनुभव? तू कामून लिहीत न्हाईस आत्मकथन?"

मी अगदी प्रामाणिकपणे म्हणालो, "माझ्या आयुष्यात काय घडलंय, सुरेश?"

तू इतका हसलास, की पलीकडं गळ टाकून बसलेल्या माणसाने वळून बघितलं. "गंमतच हाय. एकच गाव. तुझं घर न् माझं घर, मधी एक गल्ली. माझ्या आयुष्यात सगळं घडलं न् तुझ्या आयुष्यात कायच न्हाई!"

मीही हसलो. मला तो विनोद वाटला.

मग तू सांगितलंस, की कादंबरी लिहितोयस आणि ती एक कुत्रं सांगणार आहे. तेव्हा आपल्याकडं ती हवा आलीच होती. कुणाची गोष्ट मोबाइल सांगायचा, कुणाची नदी, कुणाची शवागारातलं प्रेत. आमच्या कॉलेजने 'अमानवी निवेदक' या विषयावर चर्चासत्र ठेवलं, तेव्हा तुला बोलावलं होतं. तू मागच्या रांगेत बसून सगळे निबंध ऐकलेस आणि जेवताना वरणाची वाटी पुढं करत म्हणालास, "समद्यांच्या वस्तू प्राध्यापकावानी बोलून राहिल्या." त्याच महिन्यात मी चिंचेच्या झाडाच्या तोंडून एक कथा लिहिली होती. ती तू मला कठड्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावलीस. मध्ये एकदाही थांबवलं नाहीस. संपल्यावर म्हणालास, "झाडाला कॉलेजात नेमणूक मिळाली वाटतं." ती कथा मी कुठंच छापली नाही. लागलं खूप, पण तू मला वाचवलंस हे खरं आहे आणि त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आता मानतो.

त्या दिवशी तू जे बोललास ते मी आजही वर्गात माझं म्हणून सांगतो. जनावराच्या तोंडात माणसाचं शहाणपण घातलं, की जनावर मरतं आणि उरतो पोपट. कुत्र्याला माणसाचं नाव कळत नाही, पैसा कळत नाही, जात कळत नाही. त्याला वास कळतो, लाथ कळते, सावली कळते. तेवढ्यावर सगळं गाव उभं करायचं. त्याला जे कळणार नाही ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. "वाचणाराच बहिरा निघाला तर मग इलाज न्हाई," असंही तू म्हणाला होतास. बहिरा कोण निघणार, ते आपल्याला दोघांनाही माहीत नव्हतं. की तुला माहीत होतं?

कादंबरी तू मला हस्तलिखितात दिलीस. प्रस्तावना लिहायला सांगितलीस. मी ती मनापासून लिहिली, सुरेश. कंटाळून किंवा उपकार म्हणून लिहिली असती तर आज इतकं जड गेलं नसतं. तुझ्या कादंबरीतल्या कुत्र्याला नाव नाही. लोक त्याला 'हाड' म्हणतात म्हणून त्याला आपलं नाव हाड आहे असं वाटतं. मी लिहिलं, "हे कुत्रं म्हणजे लेखक स्वतःच. गावाने ज्याला हाड म्हटलं, तो आज बोलतो आहे." लिहून झाल्यावर माझे डोळे भरून आले होते. आपल्याच वाक्याने.

प्रकाशन नांदेडला झालं. हॉल भरला होता. तुझी माय नव्या पांढऱ्या साडीत पुढं बसली होती आणि तिच्याशेजारी प्रज्ञा, तेव्हा कॉलेजात जाणारी. मी माईकवर ते वाक्य म्हटलं. टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्या न थांबल्या तोच तुझ्या मायने विचारलं. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळं ती जोरात बोलायची.

"ह्ये सर तुला कुत्रं म्हणलं काय रं?"

हॉल हसला. तू व्यासपीठावरून वाकलास, तिच्या कानाशी तोंड नेलंस आणि म्हणालास, "कौतुक केलं, माय."

हसणाऱ्यांत मीही होतो. माईक हातात होता, त्यामुळं माझं हसू सगळ्यांपेक्षा मोठं ऐकू आलं.

चहाच्या वेळी तू मला खिडकीपाशी नेलंस.

"दिग्या, एक इचारू?"

"इचार की."

"माझं कुत्रं देवळाच्या पायरीवर झोपतंय का न्हाई?"

"झोपतंय."

"इहिरीवर जातंय?"

"जातंय."

"तुमच्यासारख्याच्या घरात, पार चुलीपस्तोर?"

"हाव."

"मग त्ये मी कसा रं? माझा आजा त्या पायरीवर झोपला असता तर जिता ऱ्हायला असता का? मला जिथं जाता येत न्हाई तिथं जाणारं कुणी पायजे होतं, म्हणून कुत्रं घेतलं. तू त्याच्यातबी मलाच कोंबलंस."

मी म्हणालो, "अरे, रूपक असतंय ते."

"रूपक न्हाई. कुत्रं हाय."

मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. लेखकाला स्वतःचं लेखन नेहमीच कळतं असं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोललो. हो, बोललो. तू माझा हात हळूच काढलास, कप उचलून माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "घ्या सर. गार होऊन राहिला."

त्यानंतर तू मला दिग्या म्हटलं नाहीस. फोनवर सर, पत्रिकेवर सर, विष्णुपुरीच्या कठड्यावर सर. आपण भेटत राहिलो, भांडत राहिलो, पण तुझ्या तोंडी मी 'अहो' झालो. मी ते चारचौघांत माझ्याबद्दलचा आदर म्हणून खपवलं. माझी आई गेली तेव्हा तू गावाकडं आलास. बदलीच्या भोकरहून एसटीने, उन्हात. आमच्या ढाळजेत, दारालगतच्या ओसरीत, उभा राहिलास. पोरांनी खुर्ची आणली, मी 'बस' म्हणालो, तू बसला नाहीस. खुर्चीकडं न बघता, भिंतीच्या कडेच्या जमिनीकडं बघत होतास. मला वाटलं, तुला माझ्या आईची आठवण येतेय. आणि तसंच असेल, पण कुठली आठवण, ते मी विचारलं नाही.

शोकसभेहून आलो ते डोकं धरूनच. दुपारची वेळ होती. बायकोने कपाळाला निलगिरीचं तेल चोळलं. आईला अर्धशिशी होती, ती रोज हेच लावायची. घरात दुसरा वास नसे. मी डोळे मिटून पडलो आणि तुझ्या कादंबरीतली बाई आठवली. तुझं कुत्रं माणसं वासाने ओळखतं ना. म्हातारा म्हणजे विडी आणि घोंगडी. धाकटा म्हणजे शाई. आणि एक बाई, जिच्या कपाळाला अशा झाडाचा वास येतो, जे झाड या गावात कुठंच नाही. कुत्र्याने गावभर हिंडून ते झाड शोधलेलं असतं.

त्या वासावर मी प्रस्तावनेत एक अख्खा परिच्छेद लिहिलाय. 'गावात नसलेलं झाड हे विस्थापनाचं प्रतीक आहे.' माझ्या आईचा वास, सुरेश. सबंध बालपण ज्या कुशीत झोपलो तिचा वास समोर ठेवलास आणि मी त्याला विस्थापनाचं प्रतीक केलं.

उठलो आणि पुस्तक काढून बसलो. मग एकेक उघडत गेलं. ते घर आमचं होतं. विडी माझ्या आजोबांची. शाई माझी, मला पेन झटकायची सवय होती. कुत्रं आमचा वाघ्या. आणि दहावीच्या वर्षी आमच्या ढाळजेत दिवा होता म्हणून तू अभ्यासाला यायचास, ते प्रकरण, जे मी 'मानहानीच्या अनुभवाचं उदात्तीकरण' म्हणून दोन ओळींत गुंडाळलं होतं, ते मी पहिल्यांदा वाचलं. याआधी मी ते फक्त समजावून सांगितलं होतं.

मी सतरंजीवर बसायचो. तुझ्यासाठी आई भिंतीच्या कडेला पोतं टाकायची. पोतं मला रोज दिसायचं. ते वाघ्याचं होतं, हे मला कधी दिसलं नाही. तू आलास की वाघ्याला त्यावरून उठवायचे, तू गेलास की तो परत त्यावर जाऊन पडायचा. यातलं तू काहीच रागाने लिहिलेलं नाहीस. कुत्र्याला राग कशाला येईल? त्याला उलट बरं वाटतं. एक पोरगा रोज संध्याकाळी येतो, त्याचं पोतं ऊबदार करून जातो. पोत्याला मग साबणाचा वास येतो. त्या घरात येण्याआधी तो पोरगा साबणाने अंग घासून येतो. कुत्र्याला वाटतं, हे आपल्यासाठी. आपल्या जागेवर बसायचं म्हणून इतकं स्वच्छ होऊन येणारा गावात हा एकटाच.

ते पान संपल्यावर मला पुढचं पान उलटता येईना. माणसाने सांगितलं असतं तर मी त्याच्याशी वाद घातला असता. काळ तसा होता, आई मनाची वाईट नव्हती, पोतं धुतलेलं असायचं, असं काहीतरी म्हणालो असतो. कुत्र्याशी काय वाद घालणार?

तू अंघोळ करून यायचास हे मला कळलंच नव्हतं, सुरेश. शेजारी बसूनही.

प्रकाशक लातूरचा. तू गेल्यावर आठवड्यातच त्याचा फोन आला होता. मागणी वाढली आहे, दुसरी आवृत्ती लगेच काढू, प्रस्तावनेत दोन ओळी भावपूर्ण वाढवून द्या. पुस्तक अभ्यासक्रमात आहे, प्रस्तावनेसकट. मी त्याला थांबवलं आणि शिरूर अनंतपाळला गेलो. प्रज्ञा तिथं जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. पुस्तकावर आता तिचा हक्क. ही प्रस्तावना मागे घेतो, नवी लिहितो, खरं ते लिहितो, एवढं मला तिच्याकडून वदवून घ्यायचं होतं. माझ्या सुटकेचा दुसरा रस्ता मला दिसत नव्हता.

ती शेडमध्ये होती. एका बाईची शेळी फुगली होती. प्रज्ञाने तिच्या तोंडात नळी घातलेली, बाई शिंगं धरून उभी.

"डाक्टरीणबाई, ह्ये कोण? इमावाले का?"

"पप्पांचे मित्र हायत. तू शेळी धर." आणि मला, "काका, इकडून या, लाथ मारंल ती."

मी तिथंच उभ्याने बोलायला लागलो. थांबायला हवं होतं, पण थांबलो असतो तर बोलता आलं नसतं. निलगिरी, वाघ्या, पोतं, सगळं. बाई शेळी सोडून माझ्याकडंच बघत राहिली. प्रज्ञा नळीतून औषध ओतत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी दहावीला असताना पप्पांनी सांगितलं. तुम्हाला कळायला पप्पा जावे लागले."

"मी नवी प्रस्तावना लिहितो. पोत्याचं लिहितो. काहीच लपवत नाही."

तिने नळी काढली, हात धुतले. घाई केली नाही. मग म्हणाली, "म्हणजे परत तुम्हीच. आधी ते कुत्रं म्हणजे पप्पा होते. आता ते कुत्रं तुमच्या घरचं. काका, ते कुत्रं कुत्रं कधी होणार?"

मी म्हणालो, "मग निदान जुनी काढून तरी टाकू."

"न्हाई. राहू द्या."

"प्रज्ञा, ती चुकीची आहे."

"मी पप्पांना तेच म्हणलं होतं. काढून टाका, आजीला अजून ते हसणं आठवतंय. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, या पुस्तकात दोन निवेदक हायत. एकाला समदे वास येतात, शब्द न्हाईत. दुसऱ्याकडं नुसते शब्दच हायत. वाचणाऱ्याला दोघंबी पायजेत."

"असं म्हणाला?"

"हसून हसून म्हणाले." मग तिला माझी दया आली असावी. "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यावर जीव होता त्यांचा."

शेळीने मोठा ढेकर दिला. बाई म्हणाली, "सुटली बघा एकदाची!" आणि दोघीही हसल्या.

म्हणजे तुला माहीत होतं. पुस्तक वाचून उठलो तेव्हा आधी वाटलं, की तू माझं घर ओळखू येऊ नये म्हणून नावं टाळलीस, माझी अब्रू राखलीस. मग वाटायला लागलं, की मी कधीतरी ओळखीन म्हणून तू वाट बघत होतास. दोन्ही नव्हतं. मी बहिरा आहे हे कळल्यावर तू मला तसाच छापलास आणि पुस्तकाच्या तोंडाशी उभा केलास. लेखक म्हणून ते बरोबरच होतं. माझी प्रस्तावना वाचून जो कुत्र्याचं ऐकायला लागेल, त्याला दोन पानांतच कळेल की आधी बोलून गेला तो कोण होता. पण मित्र म्हणून हे क्रूर होतं, सुरेश. आणि तक्रार करायला मला जागा तू ठेवली नाहीस.

एकदा भांडायचं राहिलं. तू मला 'सर' म्हणायचास तेव्हा मी थांबवायला हवं होतं. 'मला दिग्या म्हण' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मला वाटायचं, तू आपण होऊन म्हणशील. तुला वाटत असेल, मी आपण होऊन विचारीन, की का म्हणत नाहीस. कठड्यावर आपण तेवढं एक सोडून सगळं बोललो. तरी तू येत राहिलास. तुझ्या जागी मी असतो तर आलो नसतो. तुझं हे देणं कुठल्या खात्यात धरायचं, मला अजून कळलेलं नाही. प्रेम होतं म्हणून येत होतास, की पात्र कसं बोलतं ते ऐकायला? दोन्ही असेल. मी दोन्हीचा ऋणी आहे.

लातूरला फोन करून सांगितलं, प्रस्तावना आहे तशीच राहील. वाढवायचं काही नाही, काढायचं काही नाही. प्रकाशक खूश झाला, छपाईचे दिवस वाचले. म्हणाला, "तुमचं ते वाक्य मागच्या कव्हरवर घेतो, सर." मी हो म्हणालो.

तर आता पुस्तक येईल आणि पोरं ते वाचतील. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या पेपरात त्यावर प्रश्न होता: 'निवेदक कुत्रा आणि लेखक यांचा संबंध स्पष्ट करा.' आदर्श उत्तर मीच लिहून दिलं होतं. गठ्ठा तपासताना एका उत्तरपत्रिकेवर मी थांबलो होतो. अक्षर गोल, बहुतेक मुलीचं. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, त्यामुळं ती देगलूरची की भोकरची की आपल्याच गावची, ते आता कधीच कळणार नाही. तिने दोनच ओळी लिहिल्या होत्या. 'निवेदक कुत्राच आहे. लेखक कुणी असलाच तर तो त्या पोत्यावर येऊन बसणारा मुलगा असावा, कारण तो अंघोळ करून येतो.'

मी तिला शून्य दिलं, सुरेश. आणि समासात लाल शाईने लिहिलं, प्रस्तावना नीट वाचावी.